तालमीतलं पोरगं, पुण्याची अकॅडमी आणि शाहू महाराजांचं बोर्डिंग

मंडळी, पोस्ट थोडी लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

परवा शाहू स्टेडियमवर मॅच बघत होतो. मध्यंतराला दहा-बारा वर्षांची चार पोरं मैदानात शिरली आणि पाच मिनिटं बॉल खेळून घेतला. त्यातल्या एकाचा डावा पाय असा काही चालत होता, की शेजारचे काका म्हणाले, "हे पोरगं पुण्याला पाठवा कुणीतरी."

काकांचं ते वाक्य डोक्यातनं जाईना. कोल्हापुरात शंभरेक वर्षं फुटबॉलचा नाद आहे. पेठेपेठेत तालमीचा संघ आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ, नावं घेईल तेवढी कमी. आणि तरीही गुणी पोरगं दिसलं की पहिलं वाक्य काय, तर "बाहेर पाठवा". आता ही बाहेर पाठवलेली पोरं जातात तरी कुठं, आणि ज्या शिडीवर चढतात तिचं पुढं काय होतं, तो इतिहास एकदा नीट मांडावा असं वाटलं.

सुरुवात आपल्याच अनिकेत जाधवपासून करू. २००० सालचा जन्म, कोल्हापूरचा. लहानपणीच पुण्याला बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. बालेवाडीचं संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. प्रबोधिनी म्हणजे सरकारी निवासी योजना. राहणं, जेवण, शाळा, सराव सगळं एकाच ठिकाणी. तिथून तो देशाच्या कुमार संघापर्यंत पोचला. ऑक्टोबर २०१७ मध्ये १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला. फिफाच्या वर्ल्ड कपमध्ये भारत पहिल्यांदाच उतरला, आणि त्या २१ पोरांत आपलं पोरगं होतं. दिल्लीत तीन मॅच झाल्या. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. तिन्ही हरलो, पण इथं लोकांनी टीव्हीपुढं बसून बघितल्या. मीही बघितल्या.

नंतर तो इंडियन ॲरोजकडून खेळला. २०१९ मध्ये इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे काही महिने सरावाला गेला. या ब्लॅकबर्नची मालकी २०१० पासून पुण्याच्या वेंकीज समूहाकडे आहे. मग जमशेदपूर एफसी, आणि त्यानंतर हैदराबाद एफसी. २० मार्च २०२२ ला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर हैदराबादनं केरळा ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून आयएसएल जिंकली. त्या संघात अनिकेत होता.

आता गंमत बघा. गंमत कसली, दुखणंच आहे ते. हे हैदराबाद एफसी आलं कुठून? २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद पडलं आणि त्याच्या जागेवर हैदराबादचा संघ लीगमध्ये आला. म्हणजे कोल्हापूरचं पोरगं पुण्यात घडलं, आणि देशातली सगळ्यात मोठी लीग जिंकलं ते पुण्यातून गेलेल्या जागेवर, दुसऱ्या गावाच्या नावाची जर्सी घालून.

पुण्यात हे पहिल्यांदा झालं नव्हतं. क्रमानं सांगतो.

२००७ मध्ये अशोक पिरामल समूहानं पुणे एफसी काढलं. दोनच वर्षांत संघ आय-लीगमध्ये गेला. २०१२-१३ मध्ये दुसरा आला. त्यांनी मामुर्डीला अकॅडमी उभी केली आणि तिनं वयोगटाच्या राष्ट्रीय लीगचं विजेतेपद एकापेक्षा जास्त वेळा मिळवलं. केरळचा आशिक कुरुनियन याच अकॅडमीतून आला आणि पुढं भारताकडून खेळला. पण २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली, पैसा आणि प्रेक्षक तिकडं गेले. २०१५ मध्ये पुणे एफसीनं शटर ओढलं. अकॅडमी पुढच्या वर्षी एफसी पुणे सिटीकडं गेली. तीन वर्षांनी ते पुणे सिटीही गेलं.

दुसरं उदाहरण डीएसके शिवाजियन्सचं. लिव्हरपूलशी करार करून अकॅडमी काढली होती. मिझोरामचा लल्लियनझुआला छांगटे तिथं शिकला. आज भारताच्या संघात त्याचं नाव घ्यावंच लागतं. जेरी लालरिनझुआलाही तिथलाच. त्यांचा मोठा संघ आय-लीगमध्ये दोन हंगाम खेळला आणि २०१७ मध्ये तेही बंद.

मध्ये भारत एफसी नावाचा एक संघ येऊन एका हंगामात गेलासुद्धा.

हिशोब मांडा. २००७ ते २०१९, बारा वर्षं. एका शहरात चार मोठे क्लब आले आणि चारही गेले. फुटबॉलपटू घडायला किती वर्षं लागतात? दहा-बाराव्या वर्षी पोरगं घ्यायचं आणि विसाव्या वर्षी मोठ्या संघात उतरवायचं, म्हणजे आठ ते दहा. यातला एकही क्लब एका पोराला बारा ते वीस वर्षांपर्यंत नीट सांभाळून नेईल इतकी वर्षं आपल्या पायावर उभा राहिला, असं म्हणता येत नाही. पुणे एफसी आठ वर्षं टिकलं, पण अकॅडमी काही पहिल्या दिवशी सुरू झाली नव्हती.

जी मोठी झाली त्यांची नावं मी वर लिहिली. जी अर्ध्या वाटेवर राहिली त्यांची कोण लिहिणार? आमच्या गल्लीतलं एक पोरगं बाहेरगावच्या अकॅडमीत होतं. पंधराव्या वर्षी ट्रंक घेऊन परत आलं. अकॅडमी बंद झाली होती. शाळेची दोन वर्षं खेळापायी मागं पडलेली. आई म्हणाली, "पाय मोडला असता तर कळलं असतं, हे काय झालं तेच कळंना." मला त्यावर काही बोलता आलं नाही. पोरगं आता काम करतं आणि रविवारी तालमीकडनं खेळतं.

क्लबवाल्यांना शिव्या घालायला ही पोस्ट नाही. त्यांनी पैसे घातले, तोटा सोसला, पोरं घडवली. धंद्यात तोटा झाला की माणूस दुकान बंद करतो. प्रश्न असा आहे, की पोरांचं बालपण अशा दुकानावर टांगावं का?

टिकणारी अकॅडमी आपल्या देशात होऊच शकत नाही, असंही नाही. जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकॅडमी १९८७ ची. रेनेडी सिंग, गोव्याचा महेश गवळी असे कितीतरी भारतीय खेळाडू तिथून आले. कारखाना आणि गाव एकमेकांना धरून आहेत, म्हणून ती टिकली.

आणि आपल्या गावाला तर हे कुणी शिकवायलाच नको. अकॅडमी म्हणजे शेवटी काय? लांबच्या गावच्या गुणी पोराला राहायला जागा, दोन वेळचं जेवण आणि शिकवायला माणूस. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, तेव्हा हेच केलं. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग, एकामागून एक. पण महाराजांनी नुसता चेक फाडला नाही. जागा दिल्या, उत्पन्नाची सोय लावली आणि त्या त्या समाजातली माणसं कारभाराला बसवली. देणारा गेला तरी संस्था चालावी, ही त्यामागची अक्कल होती. महाराज १९२२ मध्ये गेले. बोर्डिंगांची परंपरा या गावात त्यानंतरही चालू राहिली.

खेळातसुद्धा तेच. १९१२ मध्ये खासबाग मैदान बांधलं, ते आजही आहे. आणि तालीम म्हणजे तरी काय होती? वस्ताद, माती, खुराक, आणि पेठेतलं पोरगं पेठेनं पोसायचं. अकॅडमी हा शब्द आपल्याकडं यायच्या आधीपासून ती चीज आपल्याकडं होती.

आज त्याच तालमी हंगामात बाहेरचे खेळाडू आणतात, परदेशीसुद्धा. खर्च होतो, ईर्ष्या होते, स्टेडियम भरतं. मला त्याचं वावडं नाही, मीही ओरडतोच की. पण त्याच पैशातला काही भाग बाजूला काढून प्रत्येक मोठ्या तालमीनं बारा, चौदा आणि सोळा वर्षांखालचा संघ वर्षभर चालवला तर? एक शिकलेला कोच, रोजचा सराव, दूध-अंडी, आणि शाळेशी बोलून अभ्यासाची सोय. जेवण-राहण्याचा प्रश्नच नाही, पोरगं आपल्याच घरात झोपणार. आणि कुणी एक दाता गेला म्हणून बंद पडणार नाही, कारण पेठ कुठं जाणार?

सतराव्या-अठराव्या वर्षी जाऊ दे मग त्याला बाहेर. जमशेदपूरला, गोव्याला, ब्लॅकबर्नला. पण जाताना दहावी-बारावी झालेली असावी, आणि उद्या तिकडचा क्लब बुडाला तर परत यायला मैदान असावं.

परवाचं ते डावऱ्या पायाचं पोरगं मॅच संपल्यावर गेटवर परत दिसलं. विचारलं, "कुठल्या तालमीचा रे?" म्हणालं, "अजून कुठल्याच न्हाई."

तालमीची कारभारी मंडळी ही पोस्ट वाचत असतील, तर हंगाम संपल्यावरच्या पहिल्या बैठकीत एवढा एकच विषय घ्या. बाकी तुमचं मत खाली लिहा. माझं काही चुकलं असेल तर तेही सांगा.