भिंतीवाचूनचा तुरुंग

तुरुंगात गेलेला मनुष्य सुधारतो काय, हा प्रश्न आपण वारंवार विचारतो. परंतु आपले तुरुंग मनुष्य सुधारावा म्हणून उभारले होते काय, हे आधी पाहावयास हवे. मेकॉलेच्या सूचनेवरून नेमलेल्या समितीने १८३८ साली अहवाल दिला. बंदिवानांना शिक्षण व नीतिबोध देण्याची कल्पना तिने बाजूस सारली आणि रुक्ष, एकसुरी कष्टच योग्य ठरविले. मग पुढे पाऊणशे वर्षांहून अधिक काळ तुरुंगातून माणसे सुधारून बाहेर पडली नाहीत, यात नवल ते काय? सुधारणा हे शिक्षेचे एक उद्दिष्ट आहे, हे सरकारी समितीने कबूल केले ते १९१९-२० मध्ये.

या कबुलीची खरी कसोटी मात्र इंग्रजी मुलखात नव्हे, तर औंधसारख्या लहानशा संस्थानात लागली. १९३९ साली भवानराव पंतप्रतिनिधींनी मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या प्रेरणेने आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ वसविले. माणदेशातला तो कोरडा, पावसाला पारखा मुलूख. तेथे खुनासारख्या गुन्ह्यांची शिक्षा भोगणारी माणसे तटबंदीवाचून राहू लागली, शेती करू लागली. बायकामुलेही जवळ राहू शकत. पळून जाण्यास वाटा मोकळ्या होत्या. पण उभे पीक आणि चूल टाकून जायचे कोठे? माझ्या मते, पहारेकऱ्यापेक्षा हे बंधन बळकट.

पुढे १९५७ साली शांतारामबापूंनी या प्रयोगावरून ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. कथा माडगूळकरांची, म्हणजे त्याच मुलखातल्या माणसाची. लोकांना बैलाशी झालेली झुंज आठवते, आटपाडी आठवत नाही!

तथापि एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. स्वतंत्रपूरची वस्ती लहान होती. खुल्या तुरुंगात कैदी निवडून घेतले जातात. तेव्हा तेथील यशावरून प्रत्येक गुन्हेगाराविषयी ग्वाही देता येणार नाही. सराईत गुंडाला मोकळे रान द्यावे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु रागाच्या एका क्षणी, बांधाच्या भांडणात कुऱ्हाड उचललेल्या शेतकऱ्याला वर्षानुवर्षे भिंतीआड ठेवून समाजाच्या पदरी काय पडते?

शिवाय ही निवड होते ती शिक्षा झालेल्यांतून. २०२२ च्या अखेरीस भारतीय तुरुंगांतील दर चार बंदिवानांपैकी सुमारे तीन न्यायचौकशीचीच वाट पाहत होते. त्यांचा गुन्हाच अद्याप ठरलेला नव्हता. त्यांना सुधारावयाचे ते कशातून?