पापाराझी

मनोरंजनाच्या बातम्यांत सर्रास भेटणारा ‘पापाराझी’ हा शब्द मूळचा एका पात्राचा. दिग्दर्शक फेलिनीच्या ‘ला दोल्चे व्हिटा’ (१९६०) या चित्रपटातल्या छायाचित्रकाराचं नाव पापाराझ्झो. त्याचं इटालियन अनेकवचन जगभर पसरलं आणि मराठीत एकवचनातही रुळलं. १९९७ मध्ये पॅरिसमध्ये छायाचित्रकार पाठलाग करत असताना ब्रिटनच्या राजकुमारी डायानाचा अपघाती मृत्यू झाला आणि या शब्दाला शिवीची धार चढली. वास्तविक असे फोटो विकत घेणारे संपादक आणि चवीनं पाहणारे वाचकही तितकेच जबाबदार. पण त्यांच्यासाठी असं नाव कुणी घडवलं नाही. तारेतारकाच कॅमेरे बोलावून घेतात, हा आक्षेप पुष्कळदा खरा असतो. तरी बोलावणं आणि पाठलाग यांत संमतीचं अंतर आहे. मुंबईत आता ‘पॅप्स’ हे लाडकं रूप रूढ झालंय. परवानगी विचारण्याची रीत मात्र अजून रूढ व्हायची आहे.