भरतपूरचा शिकार-लेख आणि आपले तलाव

भरतपूरच्या केवलादेव घना उद्यानात, ज्या शिवमंदिरावरून त्या स्थळाला नाव पडले त्या मंदिराजवळ, काही शिलालेख आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाला शिलालेख म्हटला की दानपत्र, प्रशस्ती किंवा विजयाची नोंद आठवते. येथील लेख या तिन्हींहून निराळा आहे. त्यावर तारखा आहेत, प्रमुख पाहुण्यांची नावे आहेत, किती बंदुका चालल्या तो आकडा आहे आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवशी पडलेल्या पक्ष्यांची संख्या आहे. २० नोव्हेंबर १९१६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांच्या शिकारीत ४,२०६ पक्षी पडले. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत ४,२७३. हा सारा हिशेब दगडावर कोरून ठेवावा असे ज्यांना वाटले, त्यांच्या मनात त्याविषयी अभिमानाखेरीज दुसरी भावना नव्हती, हे उघड आहे.

आपल्या ग्रंथालयाच्या शताब्दी-ग्रंथात, इंदूरच्या मराठी वाचकांपुढे, भरतपूरचा हा विषय का मांडावा, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले इतिहासाचे आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर आपला पराभव झाला, तेव्हा उपाशी, जखमी अवस्थेत दक्षिणेकडे निघालेल्या मराठ्यांना अन्न, वस्त्र आणि औषधोपचार मिळाले ते भरतपूरच्या सूरजमल जाटाच्या राज्यात. बाजीराव पेशव्यांचे पुत्र समशेरबहादूर यांनी तेथेच, डीग येथे, प्राण सोडला. घन्याच्या सखल भूमीला ज्या बांधातून पाणी मिळते तो अजान बांध याच सूरजमलाच्या काळचा मानला जातो. दुसरे उत्तर आपल्या शेजारच्या तलावांचे आहे; त्याकडे लेखाच्या अखेरीस येऊ.

अजान बांध बांधला गेला तो शिकारीसाठी नव्हे. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या पुराचे पाणी अडवावे व शेतीला मिळावे, हा त्याचा हेतू. या पाण्याच्या आधाराने घन्यात उथळ दलदल व बाभळीचे रान वाढले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरतपूरचा कारभार पाहणारे मोरवीचे राजपुत्र हरभामजी यांनी इंग्लंडातील शिकारीच्या पाणथळी पाहिल्या होत्या. त्या धर्तीवर त्यांनी घन्यात लहान बांध, कालवे आणि दरवाजे घालून पाण्याची पातळी हवी तशी राखण्याची व्यवस्था केली. १९०२ साली लॉर्ड कर्झन यांच्या सन्मानार्थ पहिली औपचारिक शिकार झाली आणि शिलालेखावरील नोंदींना प्रारंभ झाला.

वर दिलेल्या दोन्ही मोठ्या तारखा नोव्हेंबरच्या आहेत, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. पाऊस ओसरला, तळी काठोकाठ भरली की सायबेरिया व मध्य आशियाकडून बदके उतरू लागतात. सर्वांत आधी येते ते भुवई बदक. त्यामागून चक्रांग, तलवार बदक, थापट्या, लालसरी आणि चक्रवाक यांचे थवे येतात. पाणलावा तर भाताच्या खाचरांत त्याहीपूर्वी दिसू लागतो. दूरच्या प्रवासाने थकलेली ही बदके हंगामाच्या आरंभी कृश असतात. नरांची विणीनंतरची पिसे उतरून नवा रंग अद्याप चढलेला नसतो. त्यामुळे नर कोणता आणि मादी कोणती हे उडत्या थव्यात ओळखणे कठीण जाते. शिवाय या दिवसांत पक्षी बंदुकीला सरावलेले नसतात. हंगामाचा पहिला बार म्हणूनच सर्वांत मोठा ठरे. थोडे दिवस गेले की तेच पक्षी सावध होतात, उंचावरून उडू लागतात आणि माणसाची चाहूल लागताच दुसऱ्या तळ्याकडे वळतात.

या शिकारीचे प्रमाण बदलले ते बंदुकीमुळे. जुनी ठासणीची बंदूक तोंडाकडून भरावी लागे. दारू, डाट, छर्रे, पुन्हा डाट, मग गजाने ठासणे आणि शेवटी टोपी बसवणे, इतका खटाटोप एका बारासाठी होई, आणि तोवर थवा दूर निघून जाई. १८३५ च्या सुमारास फ्रान्समध्ये लफोशे याने मागून उघडणाऱ्या बंदुकीचा व त्यात बसणाऱ्या काडतुसाचा मार्ग दाखविला. १८६० नंतर मध्यभागी टोपी असलेले काडतूस प्रचारात आले. १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स यांच्या कारखान्यातील अँसन व डीली या दोघांनी बाहेरचा घोडा नसलेली रचना सिद्ध केली. नळीचे तोंड किंचित आवळून छऱ्यांचा झोत दूरवर एकत्र ठेवण्याची युक्तीही त्याच सुमारास रूढ झाली. काळ्या दारूचा दाट धूर गेला आणि बिनधुराची दारू आली, तेव्हा पहिल्या बाराच्या धुरातून दुसरा बार दिसेनासा होण्याची अडचणही दूर झाली. १९०० च्या सुमारास लंडनच्या पर्डी किंवा हॉलंड अँड हॉलंड यांच्याकडची दुनळी बारा बोअरची बंदूक ही संस्थानिकांच्या शस्त्रागारातील मानाची वस्तू झाली होती. बारा बोअर म्हणजे काय, हे सांगितले पाहिजे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतील एका गोळीच्या व्यासाएवढे नळीचे तोंड. या बंदुकीच्या नेहमीच्या काडतुसात सुमारे ३२ ग्रॅम शिसे असे. सहा नंबरचे छर्रे घेतले तर ते संख्येने तीनशेच्या आसपास भरत. त्यांचा उपयोगी पल्ला पस्तीस-चाळीस मीटरांचा.

मोठ्या शिकारीत पाहुण्याजवळ एक नव्हे, दोन वा अधिक बंदुका असत. शेजारी बंदूक भरून देणारा माणूस उभा असे. रिकामी त्याच्या हाती द्यावी, भरलेली घ्यावी, आणि नेम तेवढा आपला. पाण्यातल्या बांधांवर ठरलेल्या जागी आडोशांमागे पाहुणे उभे राहत. इशारा झाला की हजारो बदके एकदम उठत. एका ठिकाणाहून उठलेला थवा दुसऱ्या आडोशावरून जाई, तेथून तिसऱ्यावर. पडलेले पक्षी पाण्यात उतरून गोळा करण्याचे काम गावकऱ्यांकडे असे. या शेवटच्या लोकांसाठी शिलालेखावर रकाना नाही.

त्या लेखात आणखी एका गोष्टीला रकाना नाही. १९३८ च्या त्या दिवशी प्रत्येक पक्ष्यामागे एकच काडतूस खर्ची पडले असे मानले, तरी ४,२७३ काडतुसांचे शिसे सुमारे १३७ किलो होते. नेम चुकलेले बार धरले तर किती तरी अधिक. पक्ष्याच्या अंगात शिरणारे छर्रे थोडे. बाकीचे सारे पाण्याच्या तळाशी जातात. बदके दाणे दळण्यासाठी चिखलातील खडे गिळतात आणि खड्यांबरोबर छर्रेही गिळतात. पोटात झिजलेले शिसे रक्तात भिनते आणि बार न लागलेला पक्षीही पुढे मरतो. अमेरिकेने १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे बंद केले आणि युरोपीय संघाने पाणथळींत व त्यांच्या आसपास ते २०२३ पासून बंद केले. जुन्या बंदुकांच्या शौकिनांची त्यामुळे पंचाईत झाली, कारण पोलादाचे कठीण छर्रे जुन्या, पातळ नळ्यांना सोसत नाहीत.

तथापि बंदुकीची ही बाजू सांगून थांबणे इतिहासाला धरून होणार नाही. भारतातील पक्ष्यांचे शास्त्रीय ज्ञान आरंभी बंदुकीच्या साहाय्यानेच मिळविले गेले. पुढे राष्ट्रीय सभेचे एक संस्थापक म्हणून ख्यात झालेले ॲलन ह्यूम यांनी मार्शल यांच्यासह १८७९ ते १८८१ या काळात भारत, ब्रह्मदेश व सिलोन येथील शिकारी पक्ष्यांवर तीन खंड प्रसिद्ध केले. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत आरंभी शिकारीचे शौकीन बरेच होते. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते, ही गोष्ट मराठी वाचकांना सहसा ठाऊक नसते. १९०८ मध्ये एक मुलगा आपल्या हवेच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन याच संस्थेत ती ओळखण्यासाठी गेला. तो मुलगा म्हणजे सालिम अली. त्यांनीच पुढे हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली आणि व्हिसलर यांच्यासह आपल्या मध्य भारतातील पक्ष्यांवर लेखमाला लिहिली.

याच सालिम अलींच्या मार्गदर्शनाखाली घन्यात बदके पकडून त्यांच्या पायांत क्रमांकित वाळी घालण्याचे काम झाले. पक्षी जिवंत पकडण्याचे कसब बिहारातील मीरशिकारांचे होते. वाळे घातलेले बदक हजारो किलोमीटर दूर, त्या वेळच्या सोव्हिएत देशात, एखाद्या शिकाऱ्याच्या बंदुकीला बळी पडे आणि वाळ्यावरील क्रमांक पत्राने मुंबईस येई. बदके कोठून येतात हे आपणांस अशा रीतीने कळले. एका टोकाला मोजणारा आणि दुसऱ्या टोकाला मारणारा, या दोघांच्या मिळून या नोंदी आहेत.

स्वातंत्र्यानंतर घना नांगराखाली आणावा अशी मागणी झाली, तेव्हा सालिम अलींनी जवाहरलाल नेहरूंपर्यंत जाऊन ती जागा राखली. १९५६ मध्ये ते पक्षी अभयारण्य झाले. शिकार मात्र लगेच थांबली नाही. खास पाहुण्यांसाठी ती १९६० नंतरही काही वर्षे चालू राहिली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना घेऊन शिकार करण्याची वाटही देशभर बंद झाली. १९८१ मध्ये घना रामसर यादीत आला आणि १९८५ मध्ये जागतिक वारसा ठरला.

येथे कथा सुखान्त व्हावी, पण तसे झाले नाही. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये तेथील गुरेचराई बंद करण्यात आली. पिढ्यान्‌पिढ्या म्हशी चारणाऱ्या आसपासच्या गावांनी विरोध केला, पोलिसांचा गोळीबार झाला आणि काही ग्रामस्थ प्राणास मुकले. त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने केलेल्या दीर्घ अभ्यासात आढळले ते असे की, म्हशी गेल्यामुळे पाण्यातील गवत माजले, उघडे पाणी कमी झाले आणि बदकांनाच जागा अपुरी पडली. ज्या जनावरांना पक्ष्यांचे शत्रू मानून हाकलले, ती पक्ष्यांची सोबती होती. पुढे गंभीर नदीवर वरच्या बाजूस करौली जिल्ह्यात झालेल्या पांचना धरणाचे पाणी कोणाला द्यावे हा वाद उभा राहिला आणि २००४ नंतरच्या काही वर्षांत घना कोरडा पडला. सायबेरियातून येणारे पांढरे क्रौंच २००२ नंतर तेथे दिसले नाहीत. बंदुका थांबल्या होत्या. पाणीही थांबले होते. ४,२७३ पक्षी एका दिवसात पडल्यानंतरही दुसऱ्या वर्षी बदके आली, कारण पाणी होते. पाणी नसलेल्या वर्षी, एकही बार न झडता, ती आली नाहीत. भरतपूरच्या शंभर वर्षांच्या इतिहासातून घ्यावयाचा बोध माझ्या मते हा आहे.

आता आपल्याकडे वळू. माळव्यातही एक गंभीर नदी आहे. भरतपूरच्या गंभीरशी तिचे केवळ नामसाधर्म्य. तिच्यावर यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या कारकिर्दीत इंदूरच्या पाण्यासाठी यशवंतसागर बांधला गेला. त्याच्या परिसरात आज सारस क्रौंच नांदतात. शहराच्या कडेचा सिरपूर तलाव होळकरांनीच विसाव्या शतकाच्या आरंभी बांधला. शिवपुरीचा सख्यासागर शिंद्यांनी १९१८ मध्ये, आणि डभोईजवळचा वढवाणा तलाव बडोदे संस्थानने सयाजीरावांच्या काळात, १९१० च्या सुमारास, सिंचनासाठी बांधला. वढवाणा २०२१ मध्ये आणि उरलेले तिन्ही २०२२ मध्ये रामसर यादीत समाविष्ट झाले. २०२५ च्या जानेवारीत उदयपूरबरोबर इंदूरला पाणथळ-नगरीचा मान मिळाला. भारतात तो प्रथम या दोन शहरांनाच मिळाला. मराठी राज्यकर्त्यांच्या वाड्यांचे व छत्र्यांचे कौतुक आपण नेहमी करतो. त्यांच्या बांधांचे कौतुक क्वचितच होते.

मान मिळाला म्हणजे पाणी टिकले असे नव्हे, हे घन्याने शिकविले आहे. सिरपूरला येऊन मिळणारे सांडपाणी, काठावर वाढणारी वस्ती आणि यशवंतसागरात उतरणारा गाळ यांवर या तलावांचे पुढचे शतक अवलंबून आहे. म्हणून या निमित्ताने एक सूचना करावीशी वाटते. आपल्या ग्रंथालयाने दर वर्षी कार्तिक महिन्यात, हंगामाच्या आरंभी, सिरपूरच्या काठी सभासदांची एक सहल न्यावी. किती जातींचे पक्षी आले, पाणी कोणत्या खुणेपर्यंत आहे, गुराखी व कोळी काय सांगतात, हे एका वहीत लिहून ठेवावे आणि ती वही देवघेवीच्या नोंदवह्यांशेजारी जपावी. घन्याच्या शिलालेखावर मेलेल्या पक्ष्यांचीच संख्या आहे. आपल्या वहीत जिवंत पक्ष्यांची असेल, पाण्याची असेल आणि माणसांचीही असेल. पुढील शताब्दी-ग्रंथाच्या संपादकांना ती उपयोगी पडावी, एवढीच इच्छा.