मंडईच्या चौकातील दोन नावे

पुण्यास येणारा प्रवासी शनिवारवाडा पाहतो, पर्वती चढतो आणि मंडईतून भाजी घेऊन परततो. मंडई मात्र तो पाहत नाही. जेथे रोजचा व्यवहार चालतो त्या स्थळासही इतिहास असतो, ही गोष्ट आपल्या मनास सहसा शिवत नाही. वस्तुतः शुक्रवार पेठेतील या एका चौकात पुण्याच्या अर्धशतकाचा वाद दगडाधातूच्या रूपाने उभा आहे, आणि तो केवळ पुणेकरांपुरताही नाही. बारामती-इंदापूर भागातील पिंपळीसारख्या गावचा शेतकरी या वादाच्या केंद्रस्थानी होता, असे म्हणावयास हरकत नाही.

चौकाकडे यावयाचे ते तुळशीबागेतून यावे. तेथील राममंदिर पेशवाईतले, नारो आप्पाजी खिरे यांनी उभारलेले. मंदिराचे उंच शिखर मात्र १८८४ सालचे आहे. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १८८६ साली, पलीकडे मंडईचा मनोरा पुरा झाला. एकाच दशकात, हाकेच्या अंतरावर, एकाच शहराने बांधलेली ही दोन शिखरे! एकात कोनाडे आणि मूर्ती यांची देशी परंपरा नांदते, तर दुसऱ्यात टोकदार कमानी आणि निमुळते छप्पर, जणू विलायतेतील एखादे देऊळच भाजीबाजारात येऊन बसले आहे. दोन्ही पाहिल्यावाचून त्या काळचे पुणे कळले असे म्हणता येणार नाही.

तत्पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात, उन्हापावसात भरत असे. नगरपालिकेने तो येथे आणून त्यास छप्पर दिले. बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर यांनी केले. मधोमध अष्टकोनी मनोरा, त्याच्या अंगांतून चोहोकडे फुटणाऱ्या लांब बाह्या आणि त्यांत विक्रेत्यांचे गाळे, अशी तिची रचना आहे. ही रचना केवळ शोभेची नव्हे. वारा खेळावा आणि गिऱ्हाइकास कोणत्याही दिशेने आत शिरता यावे, अशी सोय तिच्यामुळे सहज साधते. बाहेरून राजेशाही आणि आतून कामकरी अशी ही इमारत आहे. तिला नाव मिळाले ते तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे.

येथे एका विरोधाची आठवण करणे अवश्य आहे. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. मंडईवर एवढा पैसा घालण्यास त्यांचा विरोध होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लागावा, असे त्यांचे म्हणणे होते. हे बोलणारा मनुष्य बांधकामाचा द्वेष्टा नव्हता. ते स्वतः कंत्राटदार होते आणि दगडामातीचा हिशेब जाणत होते. त्यांचा प्रश्न एवढाच होता, की पैसा कोणाचा आणि तो कोणासाठी खर्च होतो? हाच प्रश्न त्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे शिक्षणाच्या संदर्भात मांडला आणि १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून अधिक तिखटपणे विचारला. त्याच दशकात नीरेचा डावा कालवा बारामती-इंदापुराच्या अवर्षणी मुलखात पोचत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे सार्वजनिक पैशाने मनोरा बांधावा की पाणी आणि पाटी पुरवावी, या विचारणीचे वजन कळते.

आता मंडईपुढच्या पुतळ्याकडे वळू. हा लोकमान्य टिळकांचा पुतळा. १९२४ साली पंडित मोतीलाल नेहरू यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. ब्राह्मणेतर पक्षाने त्यास विरोध केला होता. पुढच्याच वर्षी केशवराव जेधे यांनी फुल्यांचा पुतळा उभारावा, अशी सूचना नगरपालिकेत आणली आणि ती फेटाळली गेली. ज्या शहरात जोतीराव जन्मभर झटले, त्या शहराने त्यांच्या मूर्तीस तेव्हा हातभर जागा दिली नाही. हा निर्णय, आमच्या मते, पुण्याच्या लौकिकास शोभणारा नव्हता.

त्याची भरपाई निराळ्या मार्गाने झाली. १९३८ साली नगरपालिकेवर निवडून आलेल्या आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने रे मार्केटचे ‘महात्मा फुले मंडई’ झाले. ज्या इमारतीस फुल्यांनी विरोध केला तिलाच त्यांचे नाव! कोणी यास दैवाची थट्टा म्हणेल. कोणी म्हणेल, टीकाकारास गप्प करण्याचा हा सोयीस्कर उपाय आहे. आम्हांस तसे वाटत नाही. गाळ्यावर बसणारी माळीण आणि मळ्यातून माल आणणारा कुणबी यांच्या वस्तीत फुल्यांचे नाव परके नाही. परके होते ते गव्हर्नरांचे. मात्र ते नाव उच्चारणाऱ्यास मूळचा विरोध ठाऊक नसेल, तर तो सन्मान पोकळ होय.

आणखी एक गोष्ट. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांवर खटला झाला, तेव्हा फुल्यांच्याच खटपटीने त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला होता. पुढे अनुयायांनी ज्यांस एकमेकांसमोर उभे केले, त्यांच्यामध्ये हा ऋणानुबंधही होता.

घाऊक व्यापार पुढे गुलटेकडीस गेला. २०२४ साली मंडईजवळ भूमिगत मेट्रोचे स्थानकही झाले. गाड्या आणि रस्ते बदलतात. परंतु या चौकात एकाचा पुतळा आहे आणि दुसऱ्याचे नाव. यांपैकी एकालाच नमस्कार करून पुढे जाणाऱ्यास चौक अर्धाच दिसला. दोहोंस ओळखून, नगरपालिकेचा पुढचा खर्च कोणासाठी होतो आहे असे जो विचारील, त्यासच हा चौक खऱ्या अर्थाने पाहता आला, असे आम्ही समजतो.