झाकलेले गणित

लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त पाहण्यासाठी या दिवसांत घरोघर पंचांग उघडले जाते. तिथी केव्हा संपते ते पाहायचे आणि पंचांग पुन्हा खुंटीला अडकवायचे. चंद्रसूर्यांच्या गतीचा हिशेब करीत कोण बसतो? तो कोणीतरी आधीच करून ठेवला आहे, एवढा भरवसा आपल्याला पुरतो. संगणकाचा इतिहास वाचताना मला याच भरवशाची कथा पुन्हा भेटली. पंडित तिला 'अमूर्तीकरण' असे भारदस्त नाव देतात. मी झाकलेले गणित म्हणतो.

१९४६ साली अमेरिकेत 'एनिॲक' हे यंत्र जगापुढे आले, तेव्हा झाकलेले असे काहीच नव्हते. सुमारे १८,००० निर्वात नळ्यांचे ते धूड! नवे गणित घालायचे म्हणजे तारा उपसून दुसरीकडे खोचायच्या आणि एकेक खटका फिरवायचा. हे काम करणाऱ्या सहा तरुणींना यंत्राची नस अन् नस ठाऊक असावी लागे.

१९४९ साली केंब्रिजला 'एड्सॅक' चालू झाले. तेथे डेव्हिड व्हीलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठी सोय केली. एखादी गणिती रीत एकदाच नीट लिहायची, कागदी फितीवर जपून ठेवायची आणि लागेल तेव्हा नुसती हाक मारायची. आत काय चालते याची पंचाईत हाक मारणाऱ्याने करू नये. १९५२ साली ग्रेस हॉपर यांनी अशा रीती गोळा करून जुळविण्याचे कामही यंत्रावरच सोपविले. पुढे १९५७ साली जॉन बॅकस यांच्या मंडळींनी 'फोरट्रान' ही भाषा दिली. सूत्र कागदावर लिहितो जवळजवळ तसे लिहावे. यंत्राच्या बोलीत ते यंत्रानेच उतरवून घ्यावे. हाताने लिहिलेल्या आज्ञांची सर याला येणार नाही, असे म्हणणारे जाणकार थोडे नव्हते. पण पाहता पाहता ही भाषा जगभर गेली.

आपल्या मुंबईतही टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेले यंत्र १९६० साली चालू झाले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे खरे. पण मुठीत काय आहे ते कोणाला तरी ठाऊक हवे ना? ४ जून १९९६ रोजी युरोपचे 'एरियान ५' हे अग्निबाण फ्रेंच गियानातून उडाले आणि चाळीसएक सेकंदांत त्याच्या ठिकऱ्या झाल्या. दिशा सांभाळणारी आज्ञावली आधीच्या 'एरियान ४' वरून जशीच्या तशी घेतली होती. जुन्या बाणाचा आडवा वेग कमी; त्या मानाने एका आकड्याला दिलेली जागा पुरत असे. नव्याचा वेग मोठा; आकडा त्या जागेत मावेना. आज्ञावली जुन्या बाणापुरती बरोबरच होती. तिच्या पोटात दडलेले गृहीत मात्र कोणी उघडून पाहिले नाही.

आपल्याकडेही असेच घडले आहे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० च्या सुमारास, 'ग्रहलाघव' रचून किचकट त्रिकोणमिती गणकांच्या डोक्यावरून उतरविली. कित्येक पिढ्यांनी त्यावर पंचांगे केली. पण काळ लोटला तसे ते आकडे आणि आकाश यांत अंतर पडू लागले. ते मोजून दाखवायला केरो लक्ष्मण छत्रे, व्यंकटेश बापूजी केतकर, लोकमान्य टिळक यांच्यासारखे गणित उघडून पाहणारे लोक पुढे यावे लागले.

गणित झाकणाऱ्यांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. त्यांच्यावाचून आपण अजून तारा खोचीत बसलो असतो. प्रत्येकाने प्रत्येक झाकण उघडावे असेही मी म्हणणार नाही. त्याला आयुष्य पुरणार नाही. मात्र दर पिढीत निदान काही मुलांना तरी ते उघडण्याची हौस असावी, आणि वडीलधाऱ्यांनी त्यांना "कशाला नसता उद्योग?" असे म्हणू नये, एवढेच मागणे आहे.