देवयानीचे छायाचित्र : हौशी ज्योतिर्विदांचा पुरावा व त्याचा अन्वयार्थ

शास्त्राच्या इतिहासात पुरावा आधी हाती येतो आणि त्याचा अर्थ मागाहून लागतो, असे प्रसंग विरळ नाहीत. दूरस्थ दीर्घिकांच्या छायाचित्रणाचा प्रारंभ हा अशा प्रसंगांपैकी एक होय. २९ डिसेंबर १८८८ रोजी आयझॅक रॉबर्ट्स या बांधकाम-व्यावसायिकाने लिव्हरपूलजवळील मगल येथे, आपल्या खाजगी वेधशाळेतून, देवयानी तारकासमूहातील तेजोमेघाचे छायाचित्र घेतले. त्यासाठी प्लेट चार तास उघडी ठेवावी लागली होती. त्या छायाचित्रात आजच्या अभ्यासकाला अब्जावधी ताऱ्यांची एक स्वतंत्र दीर्घिका दिसते. रॉबर्ट्सला तीत एक सूर्यमाला जन्म घेताना दिसली. अर्थ चुकला, पण पुरावा टिकला. तो का टिकला, या प्रश्नाचे उत्तर रॉबर्ट्सच्या तर्कात नव्हे, तर त्याच्या कार्यपद्धतीत शोधावे लागते. आणि ही पद्धती प्रतिकूल हवामान व अपुरी साधने यांच्याशी हौशी मंडळींनी केलेल्या झगड्यातून घडली होती.

प्रथम शब्दाचा विचार करणे इष्ट ठरेल. ‘नेब्युला’ या लॅटिन शब्दाचा अर्थ धुके किंवा ढग असा आहे. मराठीत त्यासाठी ‘तेजोमेघ’ व ‘अभ्रिका’ हे शब्द रूढ झाले. त्यांतही मेघाचीच कल्पना कायम राहिली. दुर्बिणीतून जे जे धूसर दिसे ते ते या एकाच नावाखाली जमा होई, मग तो तप्त वायूचा पुंज असो वा अतिदूरचा तारकासंघ. एका नावाखाली आलेल्या वस्तू एकाच जातीच्या असाव्यात, असा समज सहज होतो. रॉबर्ट्सने छायाचित्र घेतले त्या काळी हा समज प्रबळ होता.

छायाचित्रणापूर्वी अशा वस्तूंचे ज्ञान निरीक्षकाच्या डोळ्यावर व हातावर अवलंबून असे. लॉर्ड रॉस याने आयर्लंडमधील बर येथे ७२ इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभारली आणि १८४५ मध्ये शामशबल तारकासमूहातील एका तेजोमेघाचे सर्पिल रूप प्रथम ओळखले. तोही हौशी ज्योतिर्विदच होता. आयर्लंडच्या ढगाळ आकाशाखाली तेव्हाची सर्वांत मोठी दुर्बीण कित्येक रात्री निरुपयोगी पडून राही. शिवाय एकाने काढलेले रेखाचित्र दुसऱ्याच्या रेखाचित्राशी जुळेलच, याची शाश्वती नसे. हार्वर्ड येथील जॉर्ज बॉन्ड याने १८४७ मध्ये देवयानीचे काळजीपूर्वक चित्र काढले. त्यात तेजोमेघाच्या कडेने दोन काळ्या, जवळजवळ सरळ पट्ट्या दाखविल्या आहेत. बॉन्डने जे पाहिले ते प्रामाणिकपणे काढले होते. परंतु त्या पट्ट्या एका मोठ्या रचनेचे भाग आहेत, हे डोळ्याला कळणे शक्य नव्हते. डोळा प्रकाश साठवून ठेवू शकत नाही. प्लेट तो साठविते.

ही साठवण शक्य झाली ती कोरड्या प्लेटमुळे. १८५१ पासून प्रचारात असलेली ओल्या कोलोडियनची प्लेट काही मिनिटांतच वाळून निकामी होत असे; त्यामुळे मंद वस्तूंचे छायाचित्र तिच्यावर घेता येत नव्हते. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कृती प्रसिद्ध केली आणि त्या दशकाच्या अखेरीस तिची संवेदनक्षमता पुष्कळ वाढविण्यात आली. आता प्लेट तासन्‌तास उघडी ठेवता येऊ लागली. न्यूयॉर्कजवळ स्वतःची वेधशाळा चालविणाऱ्या हेन्री ड्रेपर या वैद्यकाच्या प्राध्यापकाने ३० सप्टेंबर १८८० रोजी मृगातील तेजोमेघाचे ५१ मिनिटांचे छायाचित्र घेतले. कोणत्याही तेजोमेघाचे ते पहिलेच छायाचित्र होय.

तथापि प्लेटची अडचण दूर होताच दुर्बिणीची अडचण पुढे आली. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश दर सेकंदास पंधरा विकला सरकते, आणि घड्याळयंत्राच्या साहाय्याने दुर्बिणीला तेवढ्याच वेगाने फिरवावे लागते. त्या काळची यंत्रे डोळ्याने पाहण्याच्या कामाला पुरेशी होती; तासभराच्या छायाचित्रणाला ती पुरत नसत. रॉबर्ट्सच्या दुर्बिणीचे नाभ्यंतर सुमारे शंभर इंच होते. अशा दुर्बिणीत एका कलेची चूक झाली, तर प्लेटवर तारा सुमारे पाऊण मिलिमीटर सरकतो, म्हणजे ताऱ्याच्या बिंदूची रेघ बनते. यावरचा उपाय लंडनलगतच्या ईलिंग येथील ॲन्ड्रू एन्स्ली कॉमन या स्वच्छता-अभियंत्याने शोधला. सबंध दुर्बिणीची गती निर्दोष करणे अशक्य आहे, हे ओळखून त्याने प्लेटची चौकटच सरकती केली आणि एका ताऱ्यावर दृष्टी ठेवून ती हाताने सावरण्याची सोय केली. ३६ इंची परावर्ती दुर्बिणीतून ३० जानेवारी १८८३ रोजी त्याने घेतलेल्या मृगातील तेजोमेघाच्या छायाचित्रात डोळ्याला कधीच न दिसलेले तारे उमटले. यंत्राचा दोष नाहीसा झाला नव्हता; माणसाच्या अखंड अवधानाने तो भरून काढला होता.

रॉबर्ट्सने १८८५ मध्ये डब्लिनच्या हॉवर्ड ग्रबकडून २० इंची परावर्ती दुर्बीण करवून घेतली आणि तिच्याच बैठकीवर मार्गदर्शनासाठी सात इंची भिंगाची दुर्बीण बसविली. आरशाची निवड विचारपूर्वक झाली होती. भिंग डोळ्यासाठी घडविलेले असे, आणि प्लेट मात्र निळ्या प्रकाशाला अधिक संवेदनक्षम होती. आरसा सर्व रंग एकाच नाभीत आणतो. पण आरशाचेही दुखणे होतेच. काचेवरील चांदीचा मुलामा दमट हवेत काळवंडतो व तो पुनःपुन्हा चढवावा लागतो. हिवाळ्याच्या लांब रात्री छायाचित्रणाला सोयीच्या, पण त्याच रात्री धुके, दव व ढग यांचा त्रास अधिक. त्यातून चंद्रप्रकाशाच्या रात्री वगळल्या म्हणजे महिन्यात हाती फार थोडे तास उरत. १८९० मध्ये रॉबर्ट्सने मगल सोडून दक्षिणेकडील ससेक्समधील क्रोबरो या उंचवट्याच्या गावी वेधशाळा हलविली, ती अधिक चांगल्या आकाशाच्या शोधात.

येथे एक प्रश्न साहजिकच उद्भवतो. मोठमोठ्या सरकारी व विद्यापीठीय वेधशाळा असताना हे काम हौशी मंडळींकडे का आले? त्या वेधशाळांचे मुख्य काम ताऱ्यांची स्थाने मोजण्याचे होते. १८८७ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या परिषदेने सबंध आकाशाचा छायाचित्रीय नकाशा करण्याचे ठरविले आणि अनेक वेधशाळा त्या कामात गुंतल्या. रॉबर्ट्सनेही आरंभी ताराचित्रणाचेच काम हाती घेतले होते. ते आता संस्थांकडे गेलेले पाहून तो तेजोमेघांकडे वळला. दहा रात्रींपैकी नऊ वाया गेल्या तरी त्याला कोणाला जाब द्यावयाचा नव्हता. हौशी माणसाचे खरे भांडवल हे होते. अर्थात त्यामागे पैशाचे भांडवलही होते, हे विसरता येत नाही. रॉस हा जमीनदार, कॉमन व रॉबर्ट्स हे यशस्वी व्यावसायिक. मराठीतील ‘हौस’ हा शब्द अरबी ‘हवस’ या शब्दापासून आला आहे. त्यातील तीव्र ओढीचा अर्थ या मंडळींना लागू पडतो; फावल्या वेळच्या करमणुकीचा मात्र नाही.

उत्तम साधन असले म्हणजे असे काम आपोआप घडते, असेही नाही. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्रा. कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी उभारलेल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेतही ग्रबचीच २० इंची परावर्ती दुर्बीण होती. नेगमवालांनी ती प्रामुख्याने वर्णपटाच्या अभ्यासासाठी वापरली. १९१२ मध्ये ही वेधशाळा बंद झाली व दुर्बीण कोडाईकनालला गेली. साधन सारखे असले, तरी त्यातून काय निष्पन्न होईल हे वापरणाऱ्याचा प्रश्न व त्याला मिळणारा अवकाश यांवर ठरते.

आता अन्वयार्थाकडे वळता येईल. रॉबर्ट्सच्या छायाचित्रात बॉन्डच्या त्या दोन सरळ पट्ट्या केंद्राभोवती वळलेल्या काळ्या वलयांचा भाग ठरल्या. फिरत्या वायुपुंजापासून ग्रहमाला बनते, हा लाप्लासचा सिद्धांत त्या वेळी सर्वमान्य असल्याने, वलये दिसताच ती बनत्या ग्रहमालेची मानली गेली. रॉबर्ट्सच्या छायाचित्रसंग्रहाचा दुसरा खंड १८९९ मध्ये निघाला. त्याच वर्षी पॉट्सडॅम येथील यूलिउस शायनर याने देवयानीचा वर्णपट सूर्यासारखा, म्हणजे ताऱ्यांच्या समूहाचा असल्याचे दाखविले. तरी वाद मिटण्यास आणखी पाव शतक लागले. एडविन हबल याला ऑक्टोबर १९२३ मध्ये माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीच्या प्लेटवर देवयानीत एक सेफीड जातीचा रूपविकारी तारा सापडला, आणि त्यावरून ती आकाशगंगेच्या फार पलीकडे असल्याचे सिद्ध झाले. तिचे अंतर आज सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानतात.

मध्यंतरी कॉमनच्या ३६ इंची दुर्बिणीनेही आपला वाटा उचलला होता. ती हॅलिफॅक्सच्या एडवर्ड क्रॉस्ली याच्या हाती गेली व त्याने ती १८९५ मध्ये कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेला दिली. तेथे ती कटकटीची म्हणून ख्यात झाली होती. जेम्स कीलर याने १८९८ पासून चिकाटीने तिच्यात दुरुस्त्या करून छायाचित्रे घेतली आणि तिच्या टप्प्यात सुमारे १,२०,००० तेजोमेघ असावेत व त्यांतील बहुतेक सर्पिल असावेत, असा अंदाज केला. सर्पिल रूप हा अपवाद नसून नियम आहे, हे हौशी माणसाने घडविलेल्या दुर्बिणीतून संस्थेला कळले.

देवयानीचा विषय येथे संपत नाही. जानेवारी २०२३ मध्ये फ्रान्स व जर्मनीतील हौशी छायाचित्रकारांनी व्यावसायिक संशोधकांच्या सहकार्याने, शंभराहून अधिक तासांच्या एकत्रित छायाचित्रणातून, देवयानीलगत ऑक्सिजनच्या प्रकाशाची एक मंद कमान प्रसिद्ध केली. इतक्या वेळा न्याहाळलेल्या या भागात ती कोणाच्याही ध्यानात आली नव्हती. ही कमान देवयानीची की आपल्याच आकाशगंगेतील, याविषयी मतभेद झाले. म्हणजे पुरावा पुन्हा अर्थाच्या आधी आला. रॉबर्ट्सने आपल्या संग्रहात प्रत्येक छायाचित्रासोबत दिनांक व उद्भासनाचा काळ नोंदविला होता. त्यामुळे त्याचा तर्क बाजूस सारूनही त्याची प्लेट वापरता येते. इतिहासाच्या अभ्यासकाने या मंडळींचे मूल्यमापन करताना त्यांची मते व त्यांच्या नोंदी यांत हा भेद करणे अवश्य आहे.