व्ही. पी. ने आलेली बाटली

मंडळाच्या स्मरणिकेसाठी "काही जुन्या काळची माहिती लिहून द्या" असा निरोप कार्यवाह बाईंनी धाडला, तेव्हा मला आमच्या आजेसासूबाईंचा पत्र्याचा डबा आठवला. १९६६ साली लग्न होऊन मी पारनेर तालुक्यातल्या सासरी आले, त्या वेळी त्या पंचाहत्तरीला टेकल्या होत्या. त्या डब्यात जायफळ, वेखंड, हळकुंड आणि एक चपटी निळी बाटली असे. बाटलीत एरंडेल. "ही माझी वेडाची बाटली गं," असे त्या हसून म्हणत. त्या बाटलीची हकीकत सांगण्यापूर्वी, ती आपल्या नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचे) खेड्यापर्यंत आली कशी, ते सांगितले पाहिजे.

१८५४ साली अर्ध्या आण्याच्या तिकिटावर सबंध हिंदुस्थानात पत्र जाऊ लागले. १८७७ मध्ये टपाल खात्याने व्ही. पी. ची पद्धत सुरू केली. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग झाला आणि नगरला आगगाडी आली. पुढच्याच वर्षी पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. या चार गोष्टी एकत्र आल्या आणि मुंबई-कलकत्त्याचे दुकान खेड्यातल्या ओट्यावर येऊन बसले. व्ही. पी. ची खुबी अशी की, पैसे आधी पाठवायचे नाहीत. पुडके दारात आले म्हणजे द्यायचे. गिऱ्हाइकाला त्यात मोठा भरवसा वाटे. मात्र पैसे मोजल्याखेरीज पुडके फोडता येत नसे, हे पुष्कळांच्या ध्यानात उशिरा येई.

ही विद्या मूळची विलायतेची. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत (१८३७ ते १९०१) तिकडे 'नर्व्हस' दुखण्यांचा मोठा गवगवा झाला. छाती धडधडणे, झोप न येणे, हातपाय कापणे, विनाकारण रडू येणे हे सगळे त्यात आले. १८६९ मध्ये बिअर्ड नावाच्या अमेरिकन डॉक्टरने या थकव्याला 'न्यूरॅस्थेनिया' हे भारदस्त नाव दिले. बायकांसाठी 'हिस्टेरिया' होताच. तो शब्दच मुळी गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आलेला! डॉक्टरची फी परवडेना, परपुरुषापुढे बोलवेना, म्हणून लोक वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून टपालाने औषध मागवीत.

लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर हार्नेस नावाच्या गृहस्थाने विजेचे पट्टे आणि बायकांसाठी विजेच्या काचोळ्या टपालाने विकल्या. १८९३ साली एका वर्तमानपत्राने त्याचे बिंग फोडले आणि कंपनी बुडाली. बीचमच्या गोळ्यांची डबी साडेतेरा पेन्सला मिळे. ब्रिटिश डॉक्टरांच्या संघटनेने १९०९ मध्ये अशा गुप्त औषधांचे पृथक्करण करून पुस्तकच छापले. या गोळ्यांत निघाले काय? काळा बोळ, सुंठ आणि साबण! माल पेनीच्या आठव्या हिश्श्याचा. काळा बोळ आणि सुंठ कुठल्या आजीच्या बटव्यात नव्हती? साबण तेवढा आपण घालत नव्हतो. गुलाबी गोळ्या म्हणून ज्यांचा जगभर बोभाटा झाला त्यांत लोह निघाले. अंगात रक्त कमी असलेल्या बाईला त्यांनी थोडे बरे वाटलेही असेल. फेफऱ्याच्या बहुतेक औषधांत मात्र ब्रोमाइड होते. त्याने झटके दबतात हे खरे, पण ते अंगात साठत जाते. माणूस सुस्त होते, विसरू लागते, अंगावर पुरळ उठते.

यातला सर्वांत मोठा धनी थॉमस हॉलोवे. गोळ्या आणि मलम विकून त्याने एवढे द्रव्य जमवले की, मनोरुग्णांसाठी इस्पितळ आणि स्त्रियांसाठी कॉलेज त्याच्या पैशातून उभे राहिले. १८८६ मध्ये त्या कॉलेजचे उद्घाटन करायला खुद्द राणी आली. कॉलेज आजही लंडन विद्यापीठात नांदते आहे. बायकांच्या घाबरेपणावर विकलेल्या गोळ्यांतूनच बायका पदवीधर झाल्या, याला काय म्हणावे!

अमेरिकेतल्या लिडिया पिंकहॅम बाईंची गोष्ट मला अधिक लागते. १८७५ पासून त्यांचे बायकांसाठीचे औषध खपू लागले. "पुरुषाला सांगू नका, मला लिहा," असा जाहिरातीचा रोख. हजारो बायकांनी मन मोकळे करून पत्रे लिहिली. बाई १८८३ मध्ये वारल्या, तरी त्यांच्या नावाने उत्तरे जातच राहिली. अखेर १९०५ साली एका स्त्रियांच्या मासिकाने त्यांच्या थडग्याचा फोटो छापला.

आपल्याकडेही ही लाट आली. १८९३ मध्ये मुंबईत निघालेले डोकेदुखीवरचे अमृतांजन घरोघर गेले. ते बाहेरून चोळायचे, साधे औषध. परंतु 'मज्जातंतूंची दुर्बलता', 'मेंदूचा थकवा' असल्या शब्दांच्या जाहिराती मराठी पत्रांतून येऊ लागल्या, आणि खेड्यात ज्याला आजवर बाधा म्हणत त्याला छापील नाव मिळाले.

आता आजेसासूबाईंची गोष्ट. साल १९०९, वय सतरा. दीड वर्षाचा पहिला मुलगा देवीच्या साथीत गेला. त्यानंतर त्यांची झोप उडाली, छाती धडधडे, दातखीळ बसे. सासूबाईंनी गंडेदोरे केले. सासरे वाचणारे, त्यांनी मुंबईच्या एका कंपनीची जाहिरात पाहून कार्ड टाकले. उत्तरादाखल प्रश्नांचा छापील कागद आला. लिहिता येणारा घरात दुसरा रिकामा कोण? चौदा वर्षांचा धाकटा दीर. तो माजघराच्या उंबऱ्यावर दौत घेऊन बसला आणि पाळीविषयीचा प्रश्न वाचून अडखळला. "वहिनी, इथं काय लिहू?" वहिनींनी पदर पुढे ओढला. "सगळं बरं आहे म्हणून लिहा, भावोजी." मूल गेल्याचे लिहायला कागदावर जागाच नव्हती, म्हणून ते राहिले.

उत्तर आले. "आपली हकीकत लक्षपूर्वक वाचली". नाव तेवढे शाईने भरलेले. तीन बाटल्या, पाच रुपये चार आणे. सासऱ्यांनी बाजरी विकून व्ही. पी. सोडवली. दोन बाटल्या संपेतो आजेसासूबाईंना दिवसाही डोळे उघडवेनात, भाकरी तव्यावर करपू लागल्या, अंगावर फोड आले. ब्रोमाइडविषयी वाचले तेव्हा मला हेच आठवले. त्याच सुमारास पलीकडच्या आळीतल्या एका गृहस्थांना दम्यासाठी त्याच कंपनीचे पत्र आले. दिराने वाचून पाहिले, तर शब्दन् शब्द तोच. तिसरी बाटली वहिनींनी मोरीत ओतली.

घरात एक विधवा आत्येसासूबाई होत्या. त्यांची दोन मुले गेली होती. त्या रोज रात्री यांच्याशेजारी अंथरूण घालून निजू लागल्या, आणि गेलेल्या मुलाविषयी विचारू लागल्या. तो कसा हसे, काय खाई. वर्षभराने झोप परतली, असे आजेसासूबाई सांगत. छातीची धडधड मात्र जन्मभर अधूनमधून येई.

१९१७ मध्ये गंगाधरशास्त्री गुणे यांनी नगरला आयुर्वेद महाविद्यालय काढले. १९५४ साली जादूई औषधांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा झाला. त्याच्या यादीत हिस्टेरिया आहे, मज्जातंतूंची दुर्बलताही आहे. हे मी आजेसासूबाईंना वाचून दाखवले तेव्हा त्यांनी मान हलवली आणि कागद माझ्या हातून घेऊन चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचला. बाटली ओतली त्याच पावसाळ्यात त्यांनी दिराला पाटी आणायला सांगितले होते. "म्हटलं, पुढचं पत्र माझं मी लिहीन."

रिकामी बाटली धुऊन त्यांनी तीत एरंडेल भरले. माझ्या दोन्ही मुलांना पहिले बोटभर एरंडेल तिच्यातलेच चाटवले.